साळूबाईंच्या पडण्याची नोंद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे प्रमुख माननीय डॉ. मधुकर आठल्ये, हाडांचे डॉक्टर मुकुल लेले, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, सिस्टर, वॉर्डबॉय, मावश्या, आणि ‘चारुताई, जुनी केस सापडेल का हो?’ म्हणत माझ्या टेबलाशी येणारे माझे सर्व सहकारी,

सांगलीच्या एप्रिलात शाल अंगावर घेऊन बोलणं अवघड आहे, तेव्हा ती जरा बाजूला ठेवते. राग मानू नये.

डॉ. लेले आत्ता म्हणाले की मी फार काटेकोर. आता निवृत्तच होते आहे, तर त्या काटेकोरपणाचं खरं कारण सांगायला काय हरकत आहे?

आमच्या नोंदणीच्या खोलीत प्रत्येक दुखण्याला पुस्तकातला ठरलेला आकडा द्यायचा असतो. मांडीचं हाड मोडलं, एवढ्यानं भागत नाही. डावं की उजवं? खुब्याजवळची मान मोडली की खालचा दांडा? मान असेल तर आठशे वीस, दांडा असेल तर आठशे एकवीस. शिवाय माणूस पडला कुठे आणि कशानं, त्याचेही वेगळे आकडे. ऑपरेशनच्या धांदलीत डॉक्टर ‘घरी पडल्या’ एवढंच लिहीत. त्यांचंही बरोबर होतं, त्यांना हाड जोडायचं असे. ‘कारण अज्ञात’ असाही एक आकडा आहे. तो घालून मला मोकळं होता आलं असतं. पण मी उठून वॉर्डात जायची. लोक म्हणत, केवढी ही निष्ठा!

अहो, निष्ठा कसली? माझ्या खोलीत दिवसभर पंख्याशिवाय कुणाचा आवाज नसे. वाईहून माझ्याबरोबर आलेली आई गेल्यापासून गावभागातल्या माझ्या दोन खोल्यांतही नसे. वॉर्डात गेलं की कुणीतरी बोलायचं. ‘कशा पडलात?’ एवढं विचारलं, की माणूस सगळं घर सांगतो.

त्र्याण्णव सालच्या माघात कराडहून पुढे पाठवलेल्या साळूबाई आल्या. मूळ उंब्रजच्या. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक शिवतेज फौजेत, तिकडे आसामात. उजव्या खुब्याची मान मोडलेली. शेजाऱ्यांनी जीपमधून आणून सोडलं आणि ऊस तोडणीला आलाय म्हणून ते परत गेले.

मी खुर्ची ओढून बसले. “मावशी, पडलात कशा?”

“उंबऱ्यात अडकून.”

“चक्कर आली होती?”

“न्हाई वं.”

“मग ओलं होतं का?”

त्यांनी मला खुर्ची आणखी जवळ ओढायला लावली. “हसनार न्हाई न्हवं? जेवायला बसले हुते. शिवतेजनं ‘आई’ म्हणून हाक मारल्यागत वाटलं. तशीच उठून दाराकडं पळाले.”

“आणि बाहेर?”

“भाईर कोन असनार, बाई?”

मी लिहिलं, ‘राहत्या घरी, उंबऱ्याला अडखळून पडल्या.’ त्यात खोटं काही नव्हतं. उरलेलं लिहायला जागा नव्हती, म्हणून ते माझ्यापाशी राहिलं. आज तुम्हाला सांगते आहे, आणि साळूबाई त्यावर रागावणार नाहीत, हे मला माहीत आहे.

ऑपरेशन छान झालं. डॉ. लेले, तुमच्या हाताला यश आहे. पण घरी सोडायची वेळ आली तेव्हा न्यायला कुणी नव्हतं. शिवतेजला तार गेली होती, पण रजेचा पत्ता नव्हता. सिस्टर अंजना ‘कोण येणार न्यायला?’ म्हणून विचारत होत्या आणि साळूबाई घोंगडीचे धागे उपसत होत्या. मी म्हटलं, “माझ्याकडे चला.”

“नातं काय लिहू?” सिस्टरांनी विचारलं.

साळूबाईच म्हणाल्या, “लिवा भन.” सिस्टरांनी ‘बहीण’ लिहिलं.

त्या दिवसांबद्दल काय सांगू? वॉकर आपटत त्या स्वयंपाकघरात यायच्या, माझी आमटी चाखायच्या आणि म्हणायच्या, “ही आमटी हाय का सरबत?” संध्याकाळी मी जिन्यात असतानाच आतून विचारायच्या, “आलीस व्हय गं?” इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

वैशाखातल्या एका रविवारी आम्ही दोघी चिंच फोडत बसलो होतो. खालून गल्लीतून हाक आली, “आई!”

साळूबाईंनी मान वर केली नाही.

“मावशी, हाक आली.”

“आली की. रोजच येती. मी आता उठनार न्हाई, बाई. लय येळा फसले.”

“अहो, मलाही ऐकू आली!”

तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. जिन्यावर बूट वाजले. रुग्णालयातून माझा पत्ता घेऊन आलेला शिवतेज ट्रंक दारातच टाकून आत आला आणि त्यानं आईच्या मांडीत डोकं घातलं. ती त्याच्या पाठीत धपाटे घालत होती, “किती वाळलास रं! किती वाळलास!”

त्याची बदली बेळगावला झाली होती, क्वार्टर मिळणार होती. तो आईला घेऊन गेला. एस. टी. स्टँडवर त्या म्हणाल्या, “तूबी चल की गं.” मी हसण्यावारी नेलं. नोकरी होती ना! त्या संध्याकाळी घरी सवयीनं आमटी तिखट झाली. मला काही ती खाववली नाही.

गेल्या दिवाळीनंतर साळूबाई बेळगावातच वारल्या. शेवटी मुलगा उशाशी होता, असं शिवतेजच्या कार्डावरून कळलं. बरं वाटलं. हेवाही वाटला, खरंच सांगते.

माझ्या जागी ज्ञानदा येते आहे. हुशार मुलगी आहे, हाताशी संगणक आहे, तेव्हा कामाची काळजी नाही. काळजी माझी आहे. उद्यापासून भेटीच्या वेळेत मी आले, तर गेटवर विचारतील, कुणाकडे जायचंय? मी काय सांगू?

म्हणून अध्यक्षमहाराजांना एक मागणं आहे. दुपारी ज्यांच्याकडे कुणी येत नाही, त्यांच्या खाटेपाशी मला बसू द्या. कृपा करून याला समाजसेवा म्हणू नका. मला घरी बसवत नाही, म्हणून मागते आहे.

इतकी वर्षं आपण सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, किंवा समारंभात बोलू नये ते बोलून गेले असेन, तर आपली म्हणून पोटात घाला.

आणि आठल्येसाहेब, गेटवर तेवढं आजच सांगून ठेवा.