मळखाऊ रंगाची चार स्वेटरं

...आन् वर मलाच इचारत्यात, "रंग कसा हाय?" आता तुमीच सांगा बायांनो, शेणकुटाचा तांबडा आन् घोंगड्याचा काळा एका पातेल्यात उकळून जे काय निघंल, त्येला बाईमानसानं काय म्हनावं? पर आमच्या मालकांचं तोंड असं फुललेलं, जनू बारामतीच्या दिवाळीच्या बाजारातनं स्वेटरं न्हाय, हत्ती आनलाय! चार स्वेटरं. चारी एका रंगाची, चारी एका मापाची, संगं चार माकडटोप्या. तीन पोरांना आन् एक सोताला. म्या म्हनलं, "अवं, पोरं सात, आठ आन् नऊ वर्साची, तुमी छत्तीसचं, आन् माप एकच?" तर म्हनत्यात, "वाढत्या अंगाची हायती. आन् येगळी येगळी आनली आसती तर पोरं भांडली आसती. आन् रंग बघ की, मळखाऊ रंग हाय! धुवायचं कामच न्हाय!"

मळखाऊ रंग! ऐकलं न्हवं? पोरांच्या गुडघ्यापतोर स्वेटर, आन् ह्येंच्या बेंबीच्या वर स्वेटर, आन् म्हनं मळखाऊ रंग!

न्हाय, मी काय उगं तणतणत न्हाय. त्येच्या मागं कारण हाय. दिवाळीला आमची नणंद आल्ती, रतन. बारामतीला दिल्याली. तिला एकच पोरगं, आन् त्येला पावडर इतकी की खोकलं की धूर निघतोय. तर ही बया भरल्या पंगतीत, समदी भावकी बसल्याली, मी वाढतीय, आन् ही म्हनती, "वहिनी, पोरांना आंघोळ घालता का वळवाच्या पावसाची वाट बघता?" हसली वो समदी! चुलत सासरा तर हसता हसता पाटावरनं कलंडला! म्या पळी खाली आपटली. म्या म्हनलं, "रतनताई, संक्रांतीला या. हिवाळाभर रोज ऊन पान्यानं आंघोळ घालीन तिघांना. एक दीस जरी चुकला, तर संक्रांतीचं वाण ह्याच भावकीपुढं तुमच्या पायावर ठिवून माफी मागंन!" ती म्हनली, "बघू की." नुसतं दोन शब्द, पर कसं म्हनली... नाकातनं!

झालं. तवापास्नं माझी काय दशा सांगू तुमास्नी! आमचं गाव डाळज म्हंजी धरणाच्या फुगवट्याच्या पान्याला लागून. हितली थंडी म्हंजी हाडात शिरून बिऱ्हाड करती. पाची वाजता उठायचं, उसाचं पाचट पेटवायचं, हंडा चढवायचा, डोळ्यात धूर, एका हातानं भाकरी, एका हातानं पोरं. चार बादल्या ऊन पानी. तीन पोरांच्या, एक मालकांची. आन् मला काय? हंड्याच्या बुडाचं कोमट, त्यात राख. त्येच घ्यायचं आन् गप बसायचं. कोन इचारतंय?

त्यात आमच्या आत्याबाई, म्हाळसाबाई, सासू वो माझी! त्येंचा कायदा, "आमी मेंढरामागं हिंडलो तवा दवात निजलो, कधी शिंक आली न्हाय. का? डोस्कं झाकल्यालं! रथसप्तमीपतोर पोरांची टोपी काढायची न्हाय. न्हानीत बी न्हाय!" घ्या! म्हंजी कसं, न्हानीत अंधार, लाईट गेल्याली, धूर कोंडल्याला, आन् म्होरं नागडं पोरगं, त्येला फकस्त टोपी. दोन डोळं आन् नाकाचा शेंडा. उंची म्हनाल, तर थोरला मल्हार बापावर गेलाय, वाढतच न्हाय. मधला सौरभ त्येच्या बरोबरीचा. आन् धाकटं अंगानं आडवं, म्हंजी तेबी तेवढंच दिसतंय. नावानं हाक मारावी, तर धाकट्याचं नाव सासऱ्याचं ठिवल्यालं, तात्याबा. सुनंनं ते तोंडात घ्यायचं न्हाय! आत्ता बी तुमच्या म्होरं चुकून निसटलं, आत्याबाईस्नी सांगू नका. मग मी काय करायची? रेशनच्या दुकानावानी नुसती वरडायची, "पुढचा!" एक यायचा, टोपीखाली हात घालून मान बी घासायची, पुसायची, वरनं स्वेटर. भाकरी परतून यायची. "पुढचा!"

आता खरं सांगू का? मला शंका आल्ती. दुसऱ्याच्या पाठीवर हात ठिवला तर वलं! म्हनलं, "आं? अंग वलं कशानं रं?" तर म्हनतंय, "दव पडलंय, आय." तिसऱ्याची पाठ ऊन ऊन. "ही कशानं रं?" तर म्हनतंय, "शेकोटीला बसलोतो." पटलं वो मला! कशाला खोटं बोलू, माझं ध्यान समदं भाकरीत. आन् मालकांचं तर इचारूच नका. ते न्हानीचं दार वढून घेनार, आतनं तांब्याचा आवाज धबा धबा, आन् वर "हर हर गंगे! हर हर गंगे!" आळीतली कुत्री उठायची. म्या म्हनायची, चला, अक्कल न्हाय तर न्हाय, आंघोळ तरी करतोय मानूस.

आली संक्रांत. आली रतन. भिगवणाला यष्टीतनं उतरली, ती येताना समद्या भावकीला गोळा करूनच आली. मी जय्यत! पोरं वळीनं उभी केली, एका रंगाची, एका मापाची. रतन म्हनली, "ये रं मल्हार, आत्त्याच्या मांडीवर ये." बसवला. गालावरनं हात फिरवला. आन् मग तिनं हळूच... त्येची टोपी वर सरकावली.

बायांनो! मान न्हवं ती! तिनं लुगड्याचा पदर जिभंला लावला आन् घासला, तर मळाची वळी निघाली, शेवयाएवढी! भावकीला दावली तिनं, दोन बोटात धरून. म्हनली, "वहिनी, ह्या मानंवर लसनाचा वाफा निघंल!" म्या म्हनलं, थांबा, एखाद्याचं व्हतं असं, मधल्याचं बघा. मधल्याची टोपी काढली तर तिथं लसून लावून पानी सोडायची येळ आल्याली!

दोन महिनं! दोन महिनं मी धूर खाल्ला, तो कुठं गेला? मग धाकट्याची टोपी काढली. पोरगं घासून घासून घासलेल्या तांब्यावानी चकाकतंय! बोटं सुरकुतल्याली, पाठीची सालं निघाल्याली. म्या मनगट धरलं, "खरं बोल. किती आंघोळी केल्यास?"

"चार."

"आठवड्यात?"

"रोज."

म्या म्हनलं, "आरं मुडद्या, रोज चार?" तर म्हनतंय, "पहिली माझी, मग दादाची, मग सौऱ्याची. ती दोघं म्हनली, आमच्या बदली जातूस का? म्या म्हनलं, जातू. ऊन पान्यात आसतो तवर थंडी वाजत न्हाय, आय." आता मारावं तर कशासाठी? आंघोळ केली म्हनून? पर तुमी मोजा की, तीन झाल्या. म्या इचारलं, "आन् चौथी रं?"

पोरगं बापाकडं बघाय लागलं. बाप आढ्याकडं बघाय लागला.

"चौथी आप्पांची. आप्पा दगडावर बसून नुसतं हर हर गंगे म्हनायचं, पानी मी वतून घ्यायचो."

छत्तीस वर्साचा मानूस! पोरानं त्येच्या वाटची आंघोळ करायची, आन् ह्यानं कोरड्या अंगानं गंगा बोलवायची! आन् वर लाज हाय का? म्हनत्यात, "मग बिघडलं काय? कुनाला कळलं का? मळखाऊ रंग..." पुढचं म्या बोलू दिलं न्हाय.

वाण ठिवलं मी रतनच्या पायावर. शब्द दिल्ता, काय करता! समद्या भावकीपुढं वाकले. रतन म्हनली, "असू द्या वहिनी, एक तर सवच्छ निघालं." नाकातनंच म्हनली.

पर म्या बी मनात गाठ मारली. दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, पाची वाजता उठले, चार बादल्या ऊन पानी काढलं, आन् न्हानीत जाऊन आतनं कडी घातली. चारी माझ्या! आन् काय सांगू तुमास्नी, पहिला तांब्या पाठीवर पडला तवा डोळ्यात पानीच आलं, धुरानं न्हाय, खरंच आलं. दोन महिन्यात अंगाला ऊन पानी ठाऊक न्हवतं. मग आतनं वरडले, जोरात, आळीला ऐकू जाईल असं, "पानी संपलं! आज कुनालाच न्हाय! ऱ्हावा तसंच, मळखाऊ रंग हाय न्हवं!" म्हनलं आता येतील चौघं, दार वाजवतील, हातापाया पडतील.

बाहेरनं मालकांचा आवाज आला, "ब्येस झालं!" मल्हार म्हनला, "ब्येस झालं!" सौऱ्या म्हनला, "ब्येस झालं!" आन् तिघं परत वाकळंत शिरली.

आन् एकच पोरगं दाराशी थडथडत रडाय लागलं, "आय, मला घे की आत..."

काय करता? काढली कडी.

चारातल्या दोन बादल्या त्येनंच घेतल्या.