साहेबाचा रोजा

रमजानात ऑफिस दोनला सुटतं, याचं तुम्हाला काय कौतुक! आम्ही ती सुट्टी इंग्रज साहेबाच्या तोंडातून काढली होती.

सहासष्ट-सदुसष्टची गोष्ट, दुबईतली. त्या वर्षी नाताळ ऐन रमजानात आला. आम्ही रत्नागिरीकडची माणसं म्हणालो, साहेब, रोजा आहे, लवकर सोडा. तर म्हणतो कसा, "भूक हा नुसता मनाचा खेळ. नाताळला मीच रोजा धरतो. टिकलो तर तुम्ही पाचपर्यंत बसायचं. हरलो तर दोनला घरी!"

वर आम्हालाच संध्याकाळी घरी जेवायला बोलावलं. साहेबाची नजर भाजलेल्या टर्कीवर, आमचे कान तोफेकडे. रोजा सोडायची वेळ झाली की गावात तोफ उडायची ना!

आता इंग्रजांची रीत अशी, की नाताळला ताटाशेजारी कागदी फटाका ठेवतात. दोघांनी दोन टोकं ओढली की तो फुटतो, आतून कागदी मुकुट निघतो. साहेबाच्या बायकोने, म्हणजे मॅडमनी, त्याच्या पाठीमागे एक टोक माझ्यापुढे केलं. यजमानीणबाईंना नाही कसं म्हणणार? ओढलं.

ठो!

साहेबाने टर्कीची तंगडी थेट तोंडात घातली. आम्ही खजूर हातातच धरून बसलो.

"खा ना!" साहेब म्हणाला.

आमचे हेडक्लार्क दाऊदचाचा अदबीने म्हणाले, "साहेब, तोफ अजून व्हायचीय."

तेवढ्यात खरी तोफ उडाली. मॅडमनी तो मुकुट माझ्या डोक्यावर चढवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सकाळपासून तुझी चिडचिड सोसतेय. उद्यापासून यांना दोनला सोड, आणि तुझा रोजा खलास!"