वाघाच्या पायांचा टब

नाही, पण मला सांगा, ज्या घराच्या बाथरूमचं दार दोन फुटी आहे त्या घरात अडीच फुटी टब कोणी आणतं का? आणि साधा, हलका, प्लास्टिकचा नाही हो, बिडाचा. ते जुने जड तवे असतात ना, एका हाताने उचलायला गेलं की मनगट मोडतं, त्या लोखंडाचा. आतून पांढराशुभ्र, बाहेरून काळा कुळकुळीत आणि खाली चार पाय, वाघाच्या पंजाचे, नखांसकट. हॉलच्या मधोमध येऊन असा ऐटीत उभा राहिला की मलाच पाहुण्यासारखं वाटायला लागलं, बसू का विचारून बसावं असं. पण तुम्हाला सांगतो, मी एक शब्द बोललो नाही.

बोलणार काय? आमच्या हिने एकतीस वर्षं हॉस्पिटलात नर्सची नोकरी केली. शेवटच्या दिवशी घरी आली, पलंगाच्या कडेवर बसली, पायातले मोजे काढले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "एकतीस वर्षं मी लोकांना अंघोळी घातल्या. पाठी पुसल्या, डोकी धुतली. माझी स्वतःची अंघोळ कधी पाच मिनिटांवर गेली नाही. आता मला गरम पाण्यात आडवं पडायचंय आणि पडून राहायचंय. कोणी हाक मारायची नाही." आता याच्यावर माणसाने काय म्हणावं? मी म्हटलं, "मोठी बादली घेऊ या का?" तिने माझ्याकडे असं बघितलं... इंजेक्शन कुठे टोचायचं ते ठरवताना बघतात तसं. तेवढंच काय ते बोललो. त्यानंतर एक शब्द नाही. मी जन्मभर वाचनालयात नोकरी केलेला माणूस, गप्प बसायचा मला सराव आहे.

तर गावातलं एक जुनं हॉटेल पाडायला काढलं होतं, तिथे हिला हा टब सापडला. चार हमाल घेऊन आले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यापर्यंत टब गुण्यागोविंदाने आला, आणि जिन्याच्या वळणावर जो अडकला... ना वर, ना खाली. कठड्यात दोन पंजे असे रुतवून बसला की हमालांनी हात टेकले आणि विड्या काढल्या. पाऊण तास. वरच्या मजल्यावरच्या बाईंना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, वेळ घेतलेली, गाल हा एवढा सुजलेला. त्यांनी टबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चपला काढून हातात घेतल्या आणि टबात उतरून पलीकडून बाहेर पडल्या. जाताना म्हणाल्या, "गुळगुळीत आहे हो आतून." मी काय म्हणणार? मी त्यांचा हात धरला, एक शब्द बोललो नाही.

मग आला प्लंबर. याच्या आईला कधीकाळी आमच्या हिने वॉर्डात सांभाळलेलं, त्यामुळे तो हिला सिस्टर म्हणतो आणि मला काहीच म्हणत नाही. त्याने टबाभोवती एक फेरी मारली, खिशातून टेप काढली, टब मोजला, दार मोजलं, परत टब मोजला, जणू दुसऱ्या वेळी तो बारीक होणार होता. "सिस्टर, टब अडीच, दार दोन." मी म्हटलं, "हे आणायच्या आधी मोजायला हवं होतं." तो हिच्याकडे बघून म्हणतो, "साहेब मधे मधे बोलतात का हो असे?" आता ऐका. मी बोलतो म्हणे. मी!

ठरलं काय, तर दाराची चौकट काढायची, टब आत न्यायचा आणि चौकट पुन्हा बसवायची. गवंडी मिळायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस टब हॉलमध्ये. आणि आमची ही काय करायची माहीत आहे? संध्याकाळी त्या कोरड्या टबात उशी टाकून पेपर वाचायची. मी सोफ्यावरून बोलायचो तर मला समोर दिसायचा पेपर आणि टबाच्या काठावर दोन पाय. "भाजी काय आणू?" तर पेपराआडून, "हाक मारायची नाही म्हणून सांगितलंय ना?" अहो, अजून पाणीसुद्धा नव्हतं हो त्यात!

आणि मग खालचे इंजिनिअर आले. आमच्या बरोब्बर खाली राहतात, पूल बांधण्यात हयात गेली, त्यामुळे डोक्यावर काहीही आलं की आधी त्याचं वजन विचारतात. कागदपेन्सिल घेऊनच आले. टब दीडशे किलो, पाणी पावणेदोनशे किलो... आणि पेन्सिल थांबली. मला हळूच बाजूला घेतलं. "तुम्ही जरा... वहिनींचं... म्हणजे आकडा समजला असता तर..." मी म्हटलं, "इंजिनिअरसाहेब, तेहेतीस वर्षं संसार झाला, तो मी हा प्रश्न न विचारल्यामुळे झाला." तेवढ्यात टबातून आवाज, "अठ्ठ्याहत्तर. लिहून घ्या." नर्स हो ती, तिला वजनाची कसली लाज? लाज आम्हा दोघांना, दोन पुरुष भिंतीकडे बघत उभे.

तर त्यांचा हिशेब असा निघाला की टब मधे ठेवला तर धोका आहे, बाहेरच्या भिंतीलगत ठेवला तर खाली तुळई आहे, ती पेलेल. ठीक. चौकट निघाली, टब आत गेला, भिंतीकडे सरकवला. तुळई सापडली, इंजिनिअर खूश, प्लंबर खूश. मग गवंड्याने चौकट परत बसवली, दार लावायला गेला, तर दार निम्म्यावर येऊन ठण्... टबाच्या पायावर. वाघाने पंजा आडवा घातलेला. टब सरकवावा तर तुळई सुटते, दार लावावं तर टब आडवा येतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता? आता का माझ्याकडे? सगळं ठरवताना मी कोणाला दिसलो नव्हतो. मी एक शब्द बोललो नाही, आत गेलो, खिडकीचा जुना पडदा आणला आणि दाराला टांगला.

रविवारी सकाळी पहिली अंघोळ. नळ सोडला, आणि पाच मिनिटांत गरम पाणी संपलं. का? तर गीझर पंधरा लिटरचा. टब भरायला किती पाणी लागतं तो आकडा तुम्हाला मघाशी सांगितलाच. इतक्या शहाण्या माणसांनी इतक्या टेपा लावल्या, गीझर कोणी बघितला नाही. टबाच्या तळाशी घोटाभर पाणी, आणि आमची ही गाऊन घालून, टॉवेल खांद्यावर टाकून उभी. चिडली असती तर बरं वाटलं असतं हो, पण ती नुसती म्हणाली, "जाऊ दे. राहू दे." आणि टॉवेलाची घडी करायला लागली. ती घडी मला बघवेना.

मी स्वयंपाकघरात गेलो. घरातलं झाडून सगळं बाहेर काढलं, पातेली, कुकर, किटली. चारही शेगड्या पेटवल्या. स्वयंपाकघर ते बाथरूम, बाथरूम ते स्वयंपाकघर, दीड तास. सातवं पातेलं ओतावं तर पहिलं गार झालेलं. खालून इंजिनिअर ओरडून विचारतायत, "भरला का?" ते त्यांच्या बाथरूममध्ये छताकडे बघत उभे होते, छत्री उघडून. मी सांगतोय, "अर्धा झाला." ते सांगतायत, "इकडे अजून कोरडं आहे."

शेवटी भरला. ही पडद्याआड गेली, पाण्याचा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. मी बाहेर स्टूल टाकून बसलो. दहा मिनिटं. वीस. मी विचारलं, "ठीक आहे ना?" उत्तर नाही. खालून, "ठीक आहे ना?" त्यांनाही उत्तर नाही. या वयात, गरम पाणी, चक्कर आली असेल तर? मी पडदा बाजूला केला.

झोपली होती हो. तोंड किंचित उघडं, मान काठावर, आणि पाय समोरच्या काठावर टेकवलेले. निळ्या शिरा वर आलेल्या, टाचा फुटलेल्या, अंगठा बुटांनी दाबून दाबून वाकडा झालेला. इतकी वर्षं ते पाय या घरात फिरत होते, कानांना ओळखीचे, डोळ्यांना नाही. मी किती वेळ उभा होतो कोणास ठाऊक. मग पाण्यात बोट घातलं तर कोमट. गपचूप जाऊन एक पातेलं आणलं. तर डोळे मिटूनच म्हणते, "पायाकडून ओता. हळू." मी हळू ओतलं.

आता झालंय असं, की खालच्या इंजिनिअरच्या बायकोने हे सगळं ऐकलं. त्या म्हणाल्या, आमच्याही शेगड्या घ्या, पाणी लवकर तापेल, फक्त बुधवारी टब मला द्या. त्यामुळे रविवारी आमची ही, बुधवारी त्या, आणि जिन्यातून पातेली घेऊन वरखाली करणारे आम्ही दोन नवरे. गाल उतरल्यापासून वरच्या दातवाल्या बाईही शुक्रवारबद्दल विचारून गेल्यात.

आणि मी? माझी अंघोळ कुठे, असं विचारताय? टब आणि अलीकडची भिंत यांच्यामध्ये एक वीतभर फट उरली आहे. तिथे मी आडवा होऊन शिरतो, तांब्या घेऊन. वळायला जागा नाही. त्यामुळे एक बाजू आज धुतो, दुसरी उद्या.