मागचं दार

(नुकत्याच वारलेल्या आईचं स्वयंपाकघर. टेबलाशी मुलगी, तिचे काका आणि शहरातून आलेली डॉक्टर.)

मुलगी: म्हणजे खोऱ्यातलं प्रत्येक दार वाजवलंत, आणि सगळ्यांनी आमच्याच घराकडे बोट दाखवलं?

डॉक्टर: हो. म्हणाले, तसला आजार एकट्या तुमच्या आईला होता.

काका: मग खोटं काय त्यात? वहिनी पंधरा-पंधरा दिवस झोपायची नाही, गच्चीवरून गाणी म्हणायची. मग अंथरूण धरायची ते महिनाभर.

मुलगी: पण तुम्हाला तपासायला इथलंच रक्त कशाला हवं, डॉक्टर? शहरात आजारी माणसं कमी आहेत?

डॉक्टर: इथे पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्नं झालीत. अशा ठिकाणी आजाराशी जोडलेली जनुकं शोधणं जरा सोपं जातं.

काका: सापडली की छापणार, वेड्यांचं खोरं! मग आमच्या पोरी कोण करून घेणार? तुमचा भाऊ?

मुलगी: मी आईसारखी होणार का, ते कळेल?

डॉक्टर: नाही. असं एकच जनुक नसतं, बारीकसारीक बरीच असतात. तुमच्यापुरतं खात्रीनं काही सांगता येणार नाही. औषधही लगेच निघणार नाही.

मुलगी: निदान थापा तरी मारत नाही. एका घराच्या रक्तावर भागेल तुमचं?

डॉक्टर: नाही भागणार.

काका: मग गुंडाळा गाशा.

मुलगी: काका, आई बरी असली की डबा घेऊन कुठे जायची?

काका: मला काय ठाऊक? एका जागी बसणारी बाई होती का ती!

मुलगी: ज्या घरात कुणी खोलीबाहेर येईनासं व्हायचं, तिथे जायची. मागच्या दारानं. डॉक्टर, तुम्ही सगळीकडे पुढच्या दारात उभं राहून विचारलंत.

डॉक्टर: कोणाकोणाकडे जायच्या?

मुलगी: तिनं कधी नावं घेतली नाहीत, मीही घेणार नाही. पण आई वारली त्या दिवशीचा भरलेला डबा इथेच होता. काका, तो तुम्ही नेलात.

काका: अन्न वाया कशाला घालवायचं?

मुलगी: काकू आईला शेवटचं बघायलाही आली नाही.

काका: बरं नव्हतं तिला.

मुलगी: कधीपासून?

काका: वहिनी भरवायची तेव्हा दोन घास तरी खायची. आता तोंडच उघडत नाही.

डॉक्टर: रक्ताचं राहू द्या. मी नुसती भेटू का त्यांना?

काका: पुढून नको. मागचं दार लोटलेलंच असतं.

मुलगी: थांबा. डबा भरते.