सांगणारा कुठं बसला होता?

आपल्या संस्थेच्या अध्यक्षा माननीय शरयूताई, प्राचार्य चिंतामणराव, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती आदरणीय भगवानराव सर, समोर बसलेले सहकारी, पालक आणि आजी-माजी विद्यार्थी, आपणा सर्वांना या गोविंदाचा नमस्कार.

मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी मी देवपूजा उरकली आणि तिथंच पाटावर बसून सरांच्या गौरव अंकाची प्रुफं तपासायला घेतली. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाची एक निवडक रचना अंकात पहिल्या पानावर घ्यायची, ही आपल्या शाळेची रीत. सरांची निवडक रचना कोणती, हे कुणाला विचारायला हवं का? ‘सोनाळ्याची म्हैस’! वाजवा, टाळ्या वाजवा. आपल्या जिल्ह्यात या कथेला तीस वर्षं टाळ्या पडत आल्यात.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. ‘मी’ नावाचा एक तरुण मास्तर सोनाळ्याला मुलगी पाहायला जातो. ओसरीत बाजेवर बसतो. मुलगी पोहे घेऊन येते. तो विचारतो, “तुम्हाला काय काय येतं?” ती म्हणते, “म्हैस दोयता येते.” इथं सर असे काही थांबतात, की सभागृह खुर्च्यांवरून खाली यायचं बाकी राहतं. मग ‘मी’ बाजेवरूनच नकार देतो, आणि आत चुलीपाशी ती पोर रडते. हसता हसता आपलेही डोळे ओले होतात. हेच तर सरांचं कसब.

ती मुलगी म्हणजे माझी थोरली बहीण, पंचफुला. घरात आम्ही तिला ‘बाई’ म्हणतो.

काहींना हे ठाऊक आहे. ठाऊक असून हसलात, म्हणून मी रागावू कसा? मीही हसलोय. नव्यानं नोकरीला लागलो होतो, स्नेहसंमेलनात दुसऱ्या रांगेत होतो, सर वरिष्ठ होते. मुलगी पाहिली त्या दिवशी मी बारावीला, बुलढाण्याच्या वसतिगृहात होतो. घरी गेलो तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “त्याईच्याकडून नाही आलं.” नकार मुलाकडूनच यायचा, तेव्हा तशी पद्धतच होती. मी पुढं विचारलं नाही. नकार देणं हा काही गुन्हा नाही. पण कथा गावोगाव गेली, तशी बाई ‘म्हशीवाली’ झाली. चार वर्षं दारात स्थळ आलं नाही. शेवटी देऊळघाटला दुसरेपणावर दिली. हळदीकुंकवाला गेली, की बायका अजून तोंडाला पदर लावतात.

असो. आज सरांच्या गुणांबद्दल बोलायचं आहे. कथा कशी वाचावी, हे मला सरांनी शिकवलं. खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस मी, गोष्ट म्हटली की “पुढं काय झालं” एवढंच विचारायचो. सर म्हणाले, “गोविंदा, आधी सांगणारा कुठं बसलाय ते शोध. ‘तो’ आणि ‘ती’ची कथा सांगणारा लेखक देवासारखा असतो, त्याला हव्या त्या घरात, हव्या त्या मनात जाता येतं. ‘मी’ म्हणून सांगणाऱ्याला भिंतीपलीकडचं दिसत नाही. दिसलं, तर एक तर लेखक चुकला, नाहीतर ‘मी’ खोटं बोलतोय.” सर, अकरावीच्या प्रत्येक तुकडीला मी हे तुमचं नाव घेऊन शिकवतो.

त्या सकाळी माझी पेन्सिल एका वाक्यावर अडली. ‘चुलीमागच्या कोनाड्यातल्या गेरूच्या मोराकडे पाहत ती हुंदके देत होती.’ हे वाक्य मी तीस वेळा ऐकलं असेल. ऐकताना माणूस सरांच्या चेहऱ्याकडे बघतो. वाचताना वाक्याकडे बघावं लागतं. आमच्या घरी तो मोर आहे. बाईनंच काढलेला. ओसरीतून दिसत नाही, स्वयंपाकघराच्या दारातूनही दिसत नाही. चुलीपाशी येऊन वाकलं, तरच दिसतो.

बाजेवर बसलेल्या ‘मी’ला तो कसा दिसला?

रविवारी मी देऊळघाटला गेलो. बाई तूर निवडत होती.

“बाई, भगवानराव सर आपल्या चुलीपाशी आल्ते काय?”

तिचा हात थांबला. “काऊन? आज कोठून काढलं हे?”

“आल्ते का नाही, एवढं सांग.”

“शपथ हाये माही. नोको इचारू.”

मग मी प्रुफं काढली आणि सगळी कथा तिला वाचून दाखवली. तिला तोवर म्हशीपुरतंच ठाऊक होतं. रडण्याशी आलो तशी ती म्हणाली, “थांब. परत वाच.” परत वाचलं.

“मी काऊन रडू बे? मी तं भाकरी टाकून राह्यली होती. मीच बाबाले म्हणलं, नाही म्हणून सांगा. घरात येऊन आपल्यालेच हसते, असा मानूस मले नोको. त्यानं आयकलं ते. पाणी मांगायच्या बहाण्यानं आत आला, चुलीपाशी बसला, अन् रडला. हात जोडून म्हणे, पोरीनं नाही म्हणलं हे कोणाले सांगू नका, माही लई बदनामी होईन. मी बाबाले शपथ घातली. तुले सुदिक नाही सांगतलं.”

“मंग आता?”

तिनं सूप बाजूला सारलं. “हे रडणं त्याचं हाये. त्याचं त्याले वापस दे.”

सर, मान वर करा. कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर तुमचं कथाकथन आहे, ते जरूर करा. म्हशीपाशी थांबता तसे थांबा. आज सगळे तुम्ही कुठं बसला होता तेच बघतील.

मी देवभोळा माणूस आहे. सूड धरून पूजेला बसू नये, हे मला कळतं. तरी त्या रविवारपासून रोज आंघोळ करून, हात जोडून, देवाकडे हीच संध्याकाळ मागत आलो. ती मिळाली. देवाचे आभार. संपादनाचं काम विश्वासानं माझ्यावर सोपवणाऱ्या प्राचार्यांचे आभार. कथा वाचायला शिकवणाऱ्या सरांचे तर किती आभार मानू? माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक आलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर आपण मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. पहिल्या पानाबद्दल मात्र मी कुणाकडेच क्षमा मागत नाही. येताना दाराशी जो अंक आपल्या हातात दिला, त्यातून सरांची कथा मी काढून टाकली आहे. तिच्या जागी चुलीपाशी काय झालं ते छापलंय, बाईनं सांगितलं तसं, तिच्याच बोलीत, आणि खाली तिचं पूर्ण नाव आहे.