चाकं असलेली आई

…आणि वर डॉक्टर मलाच विचारतात, "ताई, दिवसभरात हालचाल किती होते?" आता काय सांगू? गीझरच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते मी. आठ वर्षं झाली. दिवसाचे नऊ तास. कानाला हेडफोन, हेडफोनला वायर, वायर चार फुटांची… अहो, गोठ्यातल्या म्हशीचं दावंसुद्धा माझ्यापेक्षा लांब असतं! हालचाल होते ना, जिभेची होते. "सर, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व" दिवसातून नव्वद वेळा म्हणताना. माउसवरच्या एका बोटाची होते. बाकीची मी सकाळी खुर्चीत ठेवलेली असते, ती संध्याकाळी आहे तशी उचलून घरी नेते. तर डॉक्टर चष्म्यावरून बघत, "दर अर्ध्या तासाला उठायचं, पाच मिनिटं चालायचं. सोप्पंय!" सोप्पंय? तुम्हीच सांगा, उठायचं कधी?

कारण उठलं की ठिपका लाल होतो. आमच्या टीम लीडरच्या पडद्यावर आम्हा वीस जणांचे वीस हिरवे ठिपके. हेडफोन काढून दोन मिनिटं झाली की ठिपका लाल, आणि लाल झाला की ही बाई, माझ्याहून सहा वर्षांनी लहान हं, केबिनच्या दारात येऊन अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या गोड आवाजात, "मॅडमऽऽ, सगळं ठीक ना? पोट वगैरे?" दोन दिवस उठले मी. तिसऱ्या दिवशी शेजारची टेबलावरून वाकून कानात, "गोड बातमी का गं?" गोड बातमी! अगं, आहे ती एक पोर कडेवर घेतली तर कंबर अशी धरते, की खाली ठेवायला नवऱ्याला हाक मारावी लागते. बसले परत.

तर ही पोर. टिंगी आमची, साडेचार वर्षांची. शाळेत सांगितलं होतं, माझी आई काढा. सगळ्यांच्या आयांना दोन हात, दोन पाय, लांब केस. आमच्या बाईसाहेबांनी काढली एक खुर्ची. पाठ उंच, खाली पाच चाकं, आणि वर केस. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "खुर्ची छान आहे गं, पण आई कुठाय?" तर ही शांतपणे म्हणते, "हीच."

हसताय? हसा. मीही हसले तिथे. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. सासूबाई दाराबाहेरून, "पाणी वाया घालवू नकोस गं, रडायचं तर बाहेर येऊन रड!"

आणि त्याच आठवड्यात शाळेची चिठ्ठी. तीन आठवड्यांनी खेळाचा दिवस, आयांसाठी धावण्याची शर्यत. टिंगीने वर्गातल्या जुळ्यांना सांगूनही टाकलं होतं, "माझी आई पहिली येणार. बघालच तुम्ही." जुळ्यांची आई रोज सकाळी पाच किलोमीटर पळते हो! मी बसमागे पळाले तरी कंडक्टरलाच दया येते. पण त्या चित्रातल्या खुर्चीला पाय फुटायलाच हवे होते. तेही तीन आठवड्यांत. आणि उठायचं कधी?

नवऱ्याने घड्याळ आणलं. मनगटावर थरथरणारं. "हे बघ, दर अर्ध्या तासाला वाजणार. बसलेली अस, उभी अस, झोपलेली अस, याला काही देणंघेणं नाही. वाजलं की उठायचं. विचार करायचा नाही. तू फार विचार करतेस." स्वतः सोफ्यावर आडवा पडून सांगत होता.

पण मी ठरवलं, चालायला नाही मिळत ना, मग निदान उभी राहीन. हेडफोन कानाला, ठिपका हिरवा, आणि वाजलं की ताडकन उभी! "सर, क्षमस्व" उभ्याने. समोरचा ओरडतोय, "बाई, अंगाला साबण लागलाय माझ्या!" तोही उभा, मीही उभी. पहिल्याच दिवशी वायर विसरून जिन्याकडे निघाले, तर मागून कीबोर्ड आला. असो. संध्याकाळी घराच्या पॅसेजमध्ये पळायचे. टिंगी वेळ मोजायची, "नऊ, दहा, अकरा, पंधरा…"

सवय म्हणजे इतकी लागली, सांगते काय! जेवताना वाजलं की घास तोंडात ठेवून उभी. केस कापताना वाजलं, उभी. हे बघा, इथली बट तिरकी आहे ना? ती त्या दिवसाची. सासूबाई म्हणाल्या, "हिच्यात वीज भरलीय."

आणि उजाडला तो दिवस. बूट नवे, कंबरेला पट्टा. शाळेत जाते तर काय, मैदानात आडवा चर खणलेला, पाइप टाकायला! शाळेतल्या बाई हात जोडून, "पालकहो, धावण्याऐवजी आपण हॉलमध्ये संगीत खुर्ची घेऊ या." संगीत… खुर्ची! म्हणजे गाणं थांबलं की बसायचं. बसायचं! अहो, या विषयात माझी आठ वर्षं गेली आहेत!

आणि खरंच सांगते, अशी बसले मी! गाणं थांबायच्या आधी माझ्या अंगाला कळायचं. बारा आया होत्या, सात झाल्या, चार झाल्या… शेवटी एक खुर्ची. मी आणि जुळ्यांची आई. टिंगी बाकावर चढून, "आईऽऽ!" गाणं थांबलं. ती झेपावली, पण मी बसले! पक्की बसले! बाई शिट्टी तोंडाला लावताहेत, टाळ्यांना हात उचललेत…

आणि मनगट थरथरलं.

विचार करायचाच नाही ना? केलाच नाही. ताडकन उभी! जुळ्यांची आई मागच्या मागे खुर्चीत. शिट्टी वाजली.

आठ वर्षं हो, दिवसाचे नऊ नऊ तास बसले मी. आयुष्यात एकदा बसून राहायची गरज होती. एकदा. तर मी उठले.

घरी येईपर्यंत पोर माझं बोट सोडून दोन पावलं पुढेच चालत होती. आल्या आल्या रंगपेटी घेऊन कोपऱ्यात. मी म्हटलं, संपलं सगळं. अर्ध्या तासाने कागद आणून मांडीवर ठेवला. मधोमध मी. दोन हात, दोन पाय, केस, एक बट तिरकी. उभी. ताठ. बाजूला खुर्ची, पाच चाकांची, आणि खुर्चीवर बसलेली जुळ्यांची आई.

"ही तू," म्हणाली. "तू सगळ्यांच्या आधी उठलीस."

मांडीवर कागद, कागदावर तिचं डोकं, डोळे मिटत आलेले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा वाटलं, इथून हलूच नये, असंच बसून राहावं…

वाजलं.