खालच्या गल्लीचं एक मत

देतो हो किल्ली, पळून जातोय का मी? बसा. त्या दोरखंडाच्या गुंडाळीवर बसा, ताडपत्रीवर नको, घसराल. तर काय सांगत होतो — मतं जास्त कुणाला पडली? मलाच! अख्ख्या बाजाराची मोजा, धाकट्याच्या दुप्पट निघतील. आणि व्यापारी संघाचा अध्यक्ष कोण? धाकटा! सख्खा भाऊ आहे म्हणून जीभ आवरतो, नाहीतर — आणि तुम्ही त्याच्या वतीनं कचेरीची किल्ली मागायला माझ्याच दुकानात! का, तर म्हणे माणसं मोजायचीच नाहीत, गल्ल्या मोजायच्या. पाच गल्ल्या, पाच मतं; तीन लहान गल्ल्या त्याच्याकडं. आमची मोठी गल्ली सव्वाशे दुकानांची, तिचं मत एक. खालची गल्ली नऊ दुकानांची, त्यातलं एक निम्मा दिवस बंद — तिचंही एकच. म्हणजे खालचा तो चाळणीवाला नुसता खोकला, तरी आमच्या इथल्या चौदा जणांनी गप्प बसायचं!

काय म्हणालात? मागच्या दोन खेपा याच नियमानं मी निवडून आलो? आलो ना. तेव्हाची गोष्ट निराळी. तेव्हा माणूस योग्य होता. हसताय काय?

बरं, लहान गल्ल्यांना मग कोण विचारणार, असं तुम्ही म्हणाल. अहो, मी सगळ्यांचा विचार केला होता. कचऱ्याचंच घ्या — मोठ्या गल्लीच्या तोंडाशी ढीग, गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून येतं. म्हटलं, हलवा तो खालच्या गल्लीत. सोय सव्वाशे जणांची, त्रास नऊ जणांना. चुकलं का काही? — का हो, नाक का मुरडताय? झाकण घालणार होतो त्याच्यावर! आणि अगदी धाकट्याच्या दाराशी नव्हता काही, एक दुकान सोडून. तर हा भरसभेत उठला. ‘दादा, ढीग आमच्याकडंच का?’ मला दादा म्हणाला, चारचौघांत, दादा! मी म्हटलं, मतं घेऊ, बाजार म्हणेल तसं. तर माझ्याकडं बघतच राहिला. लहानपणी बघायचा ना, तसा. आम्ही तिघे भाऊ, मधला पहिल्यापासून माझ्या शब्दातला. खिडकीजवळ कोण झोपणार, सायकल कोण नेणार — मी म्हणायचो, मतं घेऊ. दोन विरुद्ध एक. दर वेळी. न्यायच झाला की नाही तो? वडील गेल्यावर हे दुकान कुणाकडं राहणार आणि खालचा गाळा कुणी घ्यायचा, तेही तसंच ठरलं. रीतसर. हात वर करून. त्यानं तर हातही...

असो. किल्ली ना? ही बघा, कमरेलाच आहे. पण तुमच्या हातात नाही देणार. त्याला म्हणावं, हवी असेल तर स्वतः ये. वाटण्या झाल्यापासून ही पायरी चढलेला नाही तो. म्हणावं, दादा दुकानातच असतो, गिऱ्हाईक असो नसो.

नाही, नको. असलं काही सांगू नका. किल्ली मिळाली नाही, एवढंच सांगा. उठा आता, गुंडाळी विस्कटली माझी.